पीटजमिनीवरील शेतीचे उत्सर्जन नेमके कोणाच्या खाती मांडायचे?

माती_आणि_मापे

शेतीतून होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनाची चर्चा निघाली की ती गुरांच्या पोटातला मिथेन, भातखाचरे आणि नत्रखते या तिघांपाशी येऊन थांबते. पीटजमिनीचा उल्लेख क्वचितच होतो. पाण्याखाली अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या अवशेषांचे थर हजारो वर्षे साचत जाऊन ही जमीन तयार होते. जगाच्या भूपृष्ठापैकी जेमतेम ३ टक्के क्षेत्र तिने व्यापले आहे. तरीही जगातील सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्यात मिळून जेवढा कार्बन आहे, त्याहून अधिक कार्बन तिच्या पोटात आहे. या क्षेत्रापैकी सुमारे १२ टक्के भागातून चर खोदून पाणी काढून टाकले गेले आहे, ते मुख्यतः शेती, कुरणे आणि लागवडी वनांसाठी. तेवढ्याच भागातून दर वर्षी २ अब्ज टनांच्या घरात कार्बन डायऑक्साइडच्या तोडीचे वायू बाहेर पडतात. मानवनिर्मित उत्सर्जनाचा हा सुमारे ४ टक्के भाग होतो.

माझा प्रश्न हिशेबाचा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान करारानुसार देश जे वार्षिक अहवाल देतात, त्यांत अशा शेतातून निघणारा नायट्रस ऑक्साइड ‘शेती’ या सदरात जातो, पण त्याच शेतातून, त्याच मातीतून, त्याच चरामुळे निघणारा कार्बन डायऑक्साइड ‘जमीन वापर आणि वनक्षेत्र’ या वेगळ्या सदरात जातो. त्या सदरात जंगलांनी शोषलेला कार्बन वजा होत असल्यामुळे शेवटी जो निव्वळ आकडा छापला जातो, त्यात पीटजमिनीचा भाग दिसतच नाही. ज्या पिकासाठी चर खोदला, त्या पिकाच्याच नावावर हे उत्सर्जन मांडले पाहिजे, असे माझे मत आहे. सदस्यांना काय वाटते?

खाडीकाठ

विषय नवा आहे, म्हणून आधी एक प्राथमिक शंका विचारतो. शेतातून पाणी काढल्यावर कार्बन बाहेर पडतो, म्हणजे नेमके काय होते? आग लागल्याशिवाय माती जळते, असे समजायचे का?

प्राणवायू

@खाडीकाठ, परिणाम पाहिला तर तसे समजायला हरकत नाही, फक्त जळण्याचे काम सूक्ष्मजीव करतात. पाण्याने भरलेल्या पीटमध्ये प्राणवायू जवळजवळ नसतो, त्यामुळे वनस्पतींचे अवशेष पूर्ण कुजत नाहीत. त्यात आणखी एक गुंतागुंत आहे. फिनॉल गटातील संयुगे मोडणारे विकर प्राणवायूशिवाय काम करू शकत नाही, आणि ही संयुगे साचून राहिली की कुजण्याच्या इतर प्रक्रियाही रोखल्या जातात. ख्रिस फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ही यंत्रणा दाखवून दिली. चर खोदून पाण्याची पातळी खाली नेली की वरचा थर हवेला उघडा पडतो, हा अडसर निघतो आणि हजारो वर्षांचा साठा सूक्ष्मजीवांच्या हाती लागतो.

मी माती परीक्षणाच्या क्षेत्रात आहे. पीट किती कुजले आहे हे पाहण्याची फॉन पोस्ट यांची जुनी पद्धत अजूनही वापरली जाते. ओले पीट मुठीत घेऊन घट्ट पिळायचे. बोटांमधून जवळजवळ नितळ पाणी आले आणि हातात शेवाळाचे तंतू जसेच्या तसे राहिले, तर ते पहिल्या श्रेणीचे. मूठ आवळताच सगळेच काळ्या लगद्यासारखे बोटांमधून निसटले आणि हातात काहीच उरले नाही, तर ते दहाव्या श्रेणीचे. एकाच भूभागातील राखलेली दलदल आणि शेजारचे नांगरलेले शेत यांचे नमुने लागोपाठ पिळून पाहिले की पुढचे आकडे फारसे समजावून सांगावे लागत नाहीत.

आकडे असे आहेत. आंतरशासकीय हवामान मंडळाच्या (आयपीसीसी) २०१३ च्या पाणथळ जमिनींवरील पुरवणीत समशीतोष्ण आणि उत्तरेकडील थंड प्रदेशांतील निचरा केलेल्या पीकजमिनीसाठी हेक्टरी वर्षाला ७.९ टन कार्बन, म्हणजे सुमारे २९ टन कार्बन डायऑक्साइड, असा प्रमाण आकडा दिला आहे. उष्ण प्रदेशातील पीटवरच्या तेलताडासाठी तो ११ टन कार्बन, म्हणजे सुमारे ४० टन कार्बन डायऑक्साइड, इतका आहे. थंड प्रदेशांतील पीकजमिनीतून निघणाऱ्या नायट्रस ऑक्साइडची तापमानवाढीची क्षमता धरली, तर वरील २९ टनांत आणखी साडेपाच टनांची भर पडते. याचा अर्थ असा की @माती_आणि_मापे ज्या दोन सदरांबद्दल बोलत आहेत, त्यांपैकी ‘शेती’ या सदरात फक्त हा साडेपाच टनांचा भाग दिसतो.

दलदलकर

आजवर या सदस्यनामाची सगळ्यांनी थट्टाच केली. आता जगातील जंगलांहून अधिक कार्बन माझ्या पदरी आहे, याची संबंधितांनी नोंद घ्यावी.

हिशेबनीस

धागाकर्त्यांच्या तक्रारीशी मी पूर्ण सहमत नाही. कार्बनच्या साठ्यात झालेला कोणताही बदल, मग तो झाडांमधला असो वा मातीतला, एका सदरात ठेवण्यामागे तर्क आहे, कारण अन्यथा एकच कार्बन दोनदा मोजला जाण्याचा धोका राहतो. शिवाय तपशीलवार तक्त्यांत सेंद्रिय जमिनींची वेगळी ओळ असते आणि ज्याला पाहायची आहे तो ती पाहू शकतो. एक आकडा या रकान्यातून त्या रकान्यात नेल्याने वातावरणात काडीचाही फरक पडत नाही.

माती_आणि_मापे

@हिशेबनीस, वातावरणात फरक पडत नाही हे मान्य आहे, पण धोरणात पडतो. उत्सर्जनकपातीची उद्दिष्टे सदरनिहाय ठरतात, आणि शेतीखात्याला त्याच्या सदरातील आकड्याचाच जाब द्यावा लागतो. जर्मनीचे उदाहरण घ्या. तेथे शेतीखालील क्षेत्रापैकी सुमारे ७ टक्के जमीन निचरा केलेली पीटजमीन आहे, परंतु दोन्ही सदरांतील आकडे एकत्र केले, तर शेतीशी निगडित उत्सर्जनाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग या ७ टक्क्यांतून येतो. इतक्या लहान क्षेत्रावर इतकी मोठी कपात दुसऱ्या कोणत्याही उपायाने साधणार नाही. तरीही बहुतेक सगळी चर्चा गुरांच्या चाऱ्यावर चालते, कारण गुरे ‘शेती’ या सदरात येतात.

उत्तरा_क

या विषयातील एक खूण मी प्रत्यक्ष पाहिली आहे. इंग्लंडच्या केंब्रिजशायर भागात होम फेन नावाची जागा आहे. तेथील व्हिटलसी मिअर हे सरोवर १८५० च्या सुमारास आटवले गेले. जमीन खाली बसणार याची कल्पना त्या लोकांना होती, म्हणून १८५१ मध्ये एक लोखंडी खांब पीटच्या खालच्या चिकणमातीपर्यंत रोवून त्याचे टोक जमिनीच्या बरोबर पातळीवर ठेवण्यात आले. आज तो खांब सुमारे ४ मीटर उघडा आहे. भोवती बर्चची झाडे वाढली आहेत. खांबाशेजारी उभे राहून वर पाहिले की १८५१ मधील माणसाचे पाऊल आपल्या डोक्याच्या कितीतरी वर पडत होते, हे मान उंचावून समजून घ्यावे लागते. खांबाजवळ मला सर्वांत लक्षवेधी वाटली ती तेथील फलकापाशी उभ्या पर्यटकांची शांत गणिते: प्रत्येक जण मनातल्या मनात मीटरला वर्षांनी भागत होता.

प्राणवायू

@उत्तरा_क, उत्तम उदाहरण दिलेत. फक्त त्या भागाकारात एक सावधगिरी हवी. जमीन खाली बसण्याचा पहिला वेगवान टप्पा मुख्यतः पाणी निघून गेल्यामुळे थर दबण्याचा असतो, आणि त्यात कार्बन तितक्या प्रमाणात जात नाही. त्यानंतरची संथ आणि कधीही न थांबणारी घसरण ही कुजण्याची असते. उष्ण प्रदेशात हे दोन्ही टप्पे ठळक दिसतात. आग्नेय आशियातील लागवडींत पहिल्या पाच वर्षांत जमीन मीटरभराहून अधिक बसते आणि पुढे वर्षाला सुमारे ५ सेंटीमीटर या वेगाने बसत राहते. फ्लोरिडात एव्हरग्लेड्सच्या ऊसक्षेत्रात, बेल ग्लेड येथे, १९२४ मध्ये असाच एक ९ फुटी काँक्रीटचा खांब जमिनीबरोबर रोवला होता. त्याचा आता ६ फुटांहून अधिक भाग वर आला आहे.

उलट दिशेची गती पाहा: अबाधित दलदलीत पीट वाढते ते वर्षाला साधारण १ मिलिमीटर किंवा त्याहून कमी.

काठावरचा

मंडळी, शेवाळाने हजारो वर्षे दळायचे आणि ते दोन पिढ्यांत फस्त व्हायचे, याला ‘आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते’ ही म्हण एका अक्षराच्या फरकाने तंतोतंत लागू पडते.

शंकासुर

विनोद पुरे. मी विरुद्ध बाजू मांडतो, कारण धागा एकमताकडे निघाला आहे. फेन्स हा पूर्व इंग्लंडमधील सखल, दलदलीचा प्रदेश (होम फेन त्यातलीच) सतराव्या शतकात कॉर्नेलियस व्हर्म्यूडेन या डच अभियंत्याच्या देखरेखीखाली मोठ्या प्रमाणावर कोरडा करण्यात आला, आणि आज तो इंग्लंडच्या सर्वांत सुपीक शेतजमिनींपैकी एक आहे. तेथे मोठ्या प्रमाणावर भाजीपाला पिकतो. ती शेते पुन्हा पाण्याखाली घातली, तर भाजीची मागणी कमी होणार नाही. ती दुसऱ्या कोणत्या तरी देशात, कदाचित अधिक पाणी आणि अधिक इंधन वापरून पिकवली जाईल. मग उत्सर्जन घटले की फक्त नजरेआड गेले? हवामानाच्या नावाखाली अन्न पिकवणारी जमीन मोडीत काढण्यापूर्वी याचे उत्तर मिळायला हवे.

उत्तरा_क

@शंकासुर, ती जमीन मोडीत निघतेच आहे, ते काम आपण न करताही चालू आहे. पीटचा थर संपून खालची चिकणमाती किंवा आम्लयुक्त थर नांगराला लागू लागला की तुमची सुपीक जमीन उरणार नाही, आणि तोपर्यंत ती आजूबाजूच्या नद्यांच्या पातळीखाली गेल्यामुळे पंप मात्र कायमचे चालवावे लागतील. त्यामुळे भाजी दुसरीकडे जाणारच आहे. प्रश्न एवढाच की ती जाण्यापूर्वी किती कार्बन हवेत सोडायचा.

प्राणवायू

@शंकासुर यांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला ‘सगळे बुडवा’ किंवा ‘सगळे राहू द्या’ याच्या मधले उत्तर उपलब्ध आहे. २०२१ मध्ये ख्रिस एव्हान्स आणि सहकाऱ्यांचा एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पीटजमिनीवर काय पिकते यापेक्षा पाण्याची पातळी किती खोल आहे, हाच उत्सर्जन ठरवणारा सर्वांत प्रबळ घटक आहे, असे त्यात दाखवले आहे. पातळी दर १० सेंटीमीटर वर आणली की हेक्टरी वर्षाला किमान ३ टन कार्बन डायऑक्साइडच्या तोडीची बचत होते, आणि हा हिशेब पातळी पृष्ठभागाखाली ३० सेंटीमीटरपर्यंत येईतो लागू राहतो. म्हणजे ज्या शेतात पाणी ९० सेंटीमीटर खोल आहे, तेथे ते ५० सेंटीमीटरवर आणले तरी वर्षाला हेक्टरी १२ टनांची कपात होते, आणि अनेक पिकांना त्या पातळीवरही मुळांपुरती कोरडी माती मिळते. पीक नसताना, विशेषतः हिवाळ्यात, पातळी आणखी वर ठेवता येते.

अडचण दुसरीकडे आहे. ओल्या पीटला वाफसा लवकर येत नाही. पेरणीच्या आणि काढणीच्या दिवसांत जड यंत्रे रुततात, म्हणून शेतकरी त्या मोजक्या दिवसांसाठी वर्षभर पाणी खोल ठेवतो. म्हणजे पातळी पिकापेक्षा ट्रॅक्टरच्या वजनावरून ठरते, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

क्षेत्राचाही विचार करा. ब्रिटनमधील पीटक्षेत्रापैकी पिकांखाली सुमारे ७ टक्केच आहे, पण तेथील पीटमधून होणाऱ्या एकूण उत्सर्जनात त्याचा वाटा जवळजवळ एक तृतीयांश आहे.

शंकासुर

१२ टनांचे गणित पटले. पण मिथेनचे काय? जमीन चिबड केली की प्राणवायूविना जगणारे सूक्ष्मजीव मिथेन तयार करणार, आणि तो तर शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट प्रभावी आहे. भातखाचरांवर याच कारणासाठी टीका होते. एका वायूच्या बदल्यात दुसरा घेण्यात शहाणपणा कोणता?

नभोवाणी

या प्रश्नाचे उत्तर दोन वायूंच्या आयुष्यात आहे. मिथेन वातावरणात साधारण बारा वर्षे टिकतो. पुन्हा ओल्या केलेल्या जमिनीतून तो ठरावीक दराने निघत राहिला, तरी जुना नाहीसा होत असल्यामुळे काही दशकांत त्याचे वातावरणातील प्रमाण स्थिरावते. कार्बन डायऑक्साइड मात्र साचत जातो. जोपर्यंत चर वाहता आहे, तोपर्यंत दर वर्षीची भर आधीच्या भरीवर चढते. ग्युंथर आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये हीच मांडणी तपासली आणि निष्कर्ष काढला की मिथेन धरूनही पाणी लवकर चढवणे हे उशिरा चढवण्यापेक्षा किंवा न चढवण्यापेक्षा हवामानाला कमी तापदायक आहे.

आणखी दोन गोष्टी नोंदवतो. कोरड्या शेतातून मिथेन अजिबात निघत नाही, हा समज चुकीचा आहे, कारण चरांमधल्या साचलेल्या, खतयुक्त पाण्यातून तो बराच निघतो. दुसरे असे की पाणी पृष्ठभागाच्या किंचित खाली ठेवले, तर वर येणारा बराचसा मिथेन त्या पातळ हवेशीर थरातच सूक्ष्मजीवांकडून संपवला जातो. खरा धोका आहे तो खत दिलेली शेते एकाएकी फूटभर पाण्याखाली बुडवण्यात. तसे केल्यास बुडालेला हिरवा पाला कुजून पहिली काही वर्षे मिथेनचा लोंढा येतो.

शंकासुर

ठीक. हरकत मागे घेत नाही, पण तहकूब ठेवतो.

ताडपत्री

युरोपवरच सगळी चर्चा अडकली आहे, म्हणून इंडोनेशियाकडे लक्ष वेधतो, कारण या विषयातील सर्वांत महागडा धडा तेथे घडला. १९९५ मध्ये सुहार्तो यांच्या राजवटीने मध्य कालिमांतानमधील सुमारे १० लाख हेक्टर पीटवनाचे भातशेतीत रूपांतर करण्याचा प्रकल्प हाती घेतला. जंगल तोडले गेले आणि ४ हजार किलोमीटरहून अधिक लांबीचे कालवे खणले गेले. पीटमधील पोषणद्रव्ये अत्यल्प, आम्लता तीव्र. भात नीट आलाच नाही. कालवे मात्र पाणी काढत राहिले. १९९७ मध्ये एल निन्योमुळे दुष्काळ पडला, तेव्हा ती वाळलेली जमीन पेटली आणि महिनोन्महिने आतल्या आत धुमसत राहिली. स्यू पेज आणि सहकाऱ्यांच्या २००२ मधील अंदाजानुसार त्या वर्षी इंडोनेशियातील पीट आणि वनांच्या आगींतून ०.८१ ते २.५७ अब्ज टन कार्बन बाहेर पडला. जगभरातील खनिज इंधनांच्या वार्षिक उत्सर्जनाच्या १३ ते ४० टक्के एवढा तो भरतो. या पट्ट्यातील खालचा आकडा घेतला तरी छाती दडपते.

प्रकल्प गुंडाळला गेला. २०१५ मध्ये देशात पुन्हा प्रचंड आगी लागल्या, त्यानंतर २०१६ मध्ये पीट पुनर्स्थापनेसाठी स्वतंत्र संस्था स्थापन झाली आणि पीटवरील लागवडींत पाण्याची पातळी ४० सेंटीमीटरपेक्षा खोल जाऊ नये, असा नियमही आहे. @प्राणवायू यांच्या हिशेबाने पाहिले, तर ४० सेंटीमीटरवरही उत्सर्जन थांबत नाही, फक्त कमी होते. या सगळ्यावर कडी म्हणजे २०२० मध्ये राष्ट्रीय अन्नसुरक्षेच्या नावाने त्याच जुन्या प्रकल्पाच्या क्षेत्रात पुन्हा भातशेतीची योजना आखली गेली.

काठावरचा

आणि त्याच प्रदेशांतील ताडतेल पुढे युरोपात ‘हरित’ डिझेल म्हणून गाड्यांच्या टाकीत गेले, हे सांगायचे राहिले.

ताडपत्री

@काठावरचा, अगदी खरे आहे, आणि मूळ प्रश्नाशी त्याचा थेट संबंध आहे. इंधन वापरणाऱ्या देशाच्या हिशेबात जैवइंधनाचे उत्सर्जन शून्य धरले जाते, कारण ते जेथे पिकले तेथील जमिनीच्या सदरात मोजले जाणे अपेक्षित असते. युरोपीय संघाने २०१९ मध्ये ताडतेलापासूनचे इंधन जमीनबदलाचा मोठा धोका असलेल्या गटात टाकले आणि २०३० पर्यंत त्याचा आधार काढून घेण्याचे ठरवले, ते बऱ्याच वर्षांच्या वादानंतर.

हिशेबनीस

येथे मात्र मी धागाकर्त्यांच्या बाजूने येतो. एका देशातील दोन सदरांचा वाद मला किरकोळ वाटत होता, पण उत्सर्जन एका देशात आणि उपभोग दुसऱ्या देशात असेल, तर ‘जमीन वापर’ हे सदर म्हणजे जबाबदारीची सोयीस्कर अडगळ होते.

दलदलकर

एक भाबडा प्रश्न विचारतो. ओल्या जमिनीतच वाढणारी पिके घ्यावीत, असे कोणाला सुचले नाही का?

उत्तरा_क

सुचले आहे आणि चालूही आहे. जर्मनीतील ग्राइफ्सवाल्ड येथील संशोधक अनेक वर्षे यावर काम करत आहेत. पाणकणीस आणि देवनळासारखी गवते पाण्यात वाढतात. त्यांपासून उष्णतारोधक फलक, छपरांचे साहित्य आणि इंधन करता येते. स्फॅग्नम शेवाळाची लागवड करून ते रोपवाटिकांच्या माध्यमात वापरता येते, म्हणजे त्यासाठी जुने पीट खणावे लागत नाही. कॅलिफोर्नियातील सॅक्रॅमेंटो आणि सॅन होकिन नद्यांच्या त्रिभुज प्रदेशात काही बेटे निचऱ्यामुळे समुद्रसपाटीखाली ८ मीटरपर्यंत गेली आहेत. तेथे जमीन आणखी बसू नये म्हणून काही ठिकाणी पाणथळी पुन्हा तयार केल्या, तर काही ठिकाणी मुद्दाम भात लावला. गंमत पाहा, ज्या पिकावर मिथेनसाठी टीका होते, तेच येथे तुलनेने बरा पर्याय ठरते.

अडचण बाजाराची आहे. बटाट्याला आज गिऱ्हाईक आहे, पाणकणसाच्या फलकांना अजून शोधावे लागते.

माती_आणि_मापे

आता मूळ मुद्द्याकडे येतो, कारण गेल्या काही प्रतिसादांमुळे माझा प्रश्न अधिक नेमका झाला आहे. युरोपीय संघाच्या २०२४ च्या निसर्ग पुनर्स्थापना कायद्यात शेतीखालील निचरा केलेल्या पीटजमिनींपैकी ३० टक्क्यांवर २०३० पर्यंत उपाययोजना करायची आहे आणि त्यांतील किमान एक चतुर्थांश भाग पुन्हा ओला करायचा आहे. शेतकऱ्याने तो ओला करणे मात्र ऐच्छिक ठेवले आहे. डेन्मार्कने त्याच वर्षी २०३० पासून पशुपालनाच्या उत्सर्जनावर कर लावण्याचे ठरवले आणि कार्बनयुक्त सखल जमिनी शेतीतून काढण्यासाठी मोठा निधी बाजूला ठेवला. म्हणजे गुरांच्या मिथेनला कर आणि पीटच्या कार्बन डायऑक्साइडला मुख्यतः अनुदान, अशी विभागणी दिसते. ही विभागणी न्याय्य आहे, की दोन सदरांच्या जुन्या भिंतीचीच ती सावली आहे?

हिशेबनीस

माझ्या मते ती व्यावहारिक आहे. गाई कमी करण्याचा निर्णय एक शेतकरी एकटा घेऊ शकतो. पाण्याची पातळी त्याच्या एकट्याच्या हातात नसते. एका पंपाखाली, एका मुख्य चरावर अनेकांची शेते असतात. एकाने बांध घालून पाणी अडवले की शेजाऱ्याचे पीक बुडते. शिवाय पिढ्यान्पिढ्या सरकारनेच अनुदान देऊन हे चर खोदायला लावले आहेत. अशा स्थितीत एकेका शेतावर कर लावणे म्हणजे जो बदल तो एकट्याने करूच शकत नाही, त्यासाठी त्याला दंड करणे होय.

प्राणवायू

सहमत, एका पुस्तीसह. कर किंवा अनुदान शेताच्या क्षेत्रावर न ठेवता पाण्याच्या मोजलेल्या पातळीवर ठेवता येईल. त्यासाठी महागडी वायुमापन यंत्रणा लागत नाही. भोके पाडलेली प्लास्टिकची नळी जमिनीत रोवून त्यात पातळी नोंदणारे छोटे उपकरण सोडले की पुरते. एका पंपाखालील सगळ्या शेतांचा एकत्रित गट धरून, त्या गटाची वार्षिक सरासरी पातळी जितकी वर येईल तितका मोबदला, असे सूत्र असेल तर शेजाऱ्यांना एकमेकांशी बोलणे भाग पडेल.

शंकासुर

तहकूब ठेवलेली हरकत या अटीवर मागे घेतो की त्या नळीतली नोंद मोबदला घेणारा स्वतः करणार नाही.